मुलीच्या वाढदिवसाला स्मोर्सची वडी: ओव्हनमधून शेकोटीची चव कशी आणायची

प्रश्न एका वडिलांचा आहे, तो थोडक्यात असा. मुलगी नऊ वर्षांची होतेय. तिची पहिली सात वर्षं अमेरिकेत गेली. तिथे उन्हाळ्यात शेकोटीवर मार्शमॅलो भाजायचा, तो गरम असतानाच बिस्किट आणि चॉकलेटच्या मध्ये दाबायचा आणि खायचा, हा तिचा आवडता उद्योग. त्या खाऊला तिथे स्मोर्स म्हणतात. आता घर राजारामपुरीत, चौथ्या मजल्यावर, आणि वाढदिवस जुलैत. कोल्हापुरात तेव्हा शेकोटी सोडा, टॉवेल वाळत नाही. वीस मुलं येणार, त्यांतली पाच-सहा जैन घरांतली. यांनी ब्राउनीवर पाकिटातले मार्शमॅलो ठेवून ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, भाजून पाहिले, तर ते विरघळून ब्राउनीत जिरले आणि वर साखरेचा चिवट पापुद्रा उरला. शेकोटीची चव कुठेच नव्हती. काय चुकलं, आणि मुलीला ती चव परत देता येईल असं काही बेक करता येईल का, असं ते विचारतात.

येईल. मी बावीस वर्षं कोल्हापुरात बेकिंग करते आणि शिकवते, आणि हा पदार्थ मी गेल्या काही वर्षांत बऱ्याच वेळा केला आहे. आधी चूक कुठे झाली ते सांगते, कारण ते कळलं की पुढची कृती का अशी आहे हेही कळेल.

मार्शमॅलो म्हणजे साखर आणि ग्लुकोजच्या पाकात हवा फेटून केलेला फेस. तो फेस उभा राहतो जिलेटिनच्या जोरावर. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात, आणि ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. म्हणूनच मार्शमॅलो जिभेवर ठेवला की विरघळतो. शेकोटीवर काय होतं? काडीवर टोचलेल्या मार्शमॅलोला आच सगळीकडून लागते, पण जेमतेम मिनिटभर. फेसातून उष्णता आत लवकर जात नाही, त्यामुळे बाहेरची साखर काळपट होईपर्यंत आतला गाभा नुसता मऊ झालेला असतो. तुमच्या ओटीजीत मात्र तो पंधरा-वीस मिनिटं १८० अंशांवर बसला होता. जिलेटिन पार वितळलं, हवा निघून गेली, पाक ब्राउनीत उतरला. मार्शमॅलोचा काही दोष नाही. ज्याला एक मिनिट जाळायचं, त्याला तुम्ही वीस मिनिटं शिजवलंत.

दुसरी गोष्ट चवीची. स्मोर्समध्ये बिस्किट गोड, चॉकलेट गोड आणि मार्शमॅलो तर निव्वळ साखर. तरीही मूल दुसरा मागतं, तिसरा मागतं. नावातच ते आहे: १९२७ साली अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सच्या एका पुस्तिकेत ही कृती छापून आली तेव्हा तिचं नाव होतं ‘सम मोअर’, म्हणजे ‘अजून थोडं’. एवढं गोड पुन्हा खावंसं वाटतं ते एकाच गोष्टीमुळे, आणि ती म्हणजे जळलेली कड. साखर १६० अंशांच्या पुढे गेली की नुसती गोड राहत नाही. तिच्यात कडवटपणा येतो, किंचित आंबटपणा येतो, भाजल्याचा वास येतो. आपल्याकडे यासाठी दोन नेमके शब्द आहेत, खरपूस आणि करपट. स्मोर्सची सगळी गंमत या दोन शब्दांच्या मधल्या बोटभर जागेत आहे. तुम्ही शेकोटीची चव धुरात शोधत असाल, तर धूर विसरा. बाटलीतला धुराचा इसेन्स तर आणूच नका. कोळशावर तूप टाकून धुंगार देण्याचा सल्लाही मिळेल. तो वास मटणाला आणि डाळीला शोभतो, चॉकलेटवर आला की मुलं ताट बाजूला सारतात.

मला ही गोष्ट कळली ती गुऱ्हाळावर. माझ्या मामांचं गुऱ्हाळ पन्हाळ्याच्या वाटेवर होतं. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की आम्ही भावंडं सुट्टीच्या दिवशी तिकडेच. रात्री काहिलीत उसाच्या रसाचं आधण चढलेलं असायचं, जळव्या चुलवाणात चिपाडं सारत असायचा, आणि आम्ही चुलवाणाच्या तोंडाशी राखेत रताळी पुरून बसायचो. रताळं राखेत हळूहळू तापतं, आणि त्या सावकाश तापण्यातच त्यातल्या पिठाची साखर होत जाते. म्हणून राखेतलं रताळं कुकरमधल्या रताळ्यापेक्षा कितीतरी गोड लागतं. साल मात्र कोळसा झालेली. ती साल सोलताना तिचा थोडा काळा भाग गराला चिकटून राहायचा, आणि आम्हा भावंडांत त्या काळ्या लागलेल्या तुकड्यासाठी भांडण व्हायचं. वरून गुळव्या कोवळ्या गरम गुळाचा गोळा उसाच्या कांडक्यावर गुंडाळून द्यायचा. तुमच्या मुलीनं तिकडे खाल्लं ते आणि आम्ही इथे खाल्लं ते, दोन्हींत मला एकच खाऊ दिसतो: आत मऊ गोड, बाहेर जळलेलं, आणि हात चिकट.

म्हणून मी हा पदार्थ करते तो अमेरिकेच्या चौकटीत, पण गुऱ्हाळाच्या जिनसांनी. चार थर: खाली गूळ-कणकेचं खरपूस बिस्किट, त्यावर भाजलेलं चॉकलेट, त्यावर काकवीचा पातळ थर, आणि सगळ्यात वर पांढरा फेस, जो खायच्या आधी जाळायचा. त्यात अंडं नाही, जिलेटिन नाही, मधही नाही. अंड्याचा फेस अधिक देखणा होतो हे मला माहीत आहे, तरी वाढदिवसाच्या टेबलावर पाच मुलांना ‘तुमचं वेगळं ठेवलंय हं’ असं सांगू नये असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांना एकच द्या.

प्रमाण देते ते आठ इंची, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या चौकोनी टिनचं. त्याचे पाच बाय पाच असे पंचवीस तुकडे होतात. तुकडा लहान वाटेल, पण हा पदार्थ जड आहे, नऊ वर्षांच्या मुलाला तेवढा पुरतो. मोठी माणसं असतील तर दोन टिन करा.

आधी तळाचं बिस्किट. अमेरिकेत यासाठी ग्रॅहम क्रॅकर वापरतात. एकोणिसाव्या शतकात तिथे सिल्वेस्टर ग्रॅहम नावाचे एक धर्मोपदेशक होते. मैद्याऐवजी कोंड्यासकट दळलेलं जाडं पीठ खावं, असा त्यांचा आग्रह असे, म्हणून त्या पिठाला आणि बिस्किटाला त्यांचं नाव. म्हणजे आपली गिरणीतली कणीकच. त्यामुळे ग्रॅहम क्रॅकर मिळत नाहीत म्हणून हळहळू नका, आपल्याकडे मूळ वस्तू आहे. खपली गव्हाची कणीक मिळाली तर अजून छान, तिचं बिस्किट जास्त खुसखुशीत होतं. दीडशे ग्रॅम कणीक घ्या, थोडी जाडसर दळलेली. बारीक असेल तर त्यात पंचवीस ग्रॅम जाडा रवा मिसळा. साठ ग्रॅम गूळ, नव्वद ग्रॅम बिनमिठाचं थंड लोणी, पाव चमचा मीठ, पाव चमचा दालचिनी. आणि एक जिन्नस जो कुठल्याही परदेशी कृतीत सापडणार नाही: बेरी. लोणी कढवून तूप केल्यावर तळाशी जी तपकिरी बेरी राहते, ती दोन मोठे चमचे. दुधातली प्रथिनं आणि साखर भाजून तिला तो वास आलेला असतो. शेकोटीवर भाजल्याची जी चव तुम्ही शोधताय, तिचा अर्धा वाटा या बेरीत आहे, आणि बहुतेक घरांत ती साखर घालून चमच्यानं संपवली जाते. या वेळी दोन चमचे बाजूला काढा.

गुळाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तो जुलैत घोटाळा करतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याचं आपल्याला कौतुकही आहे, पण पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात. घरात असतो तो साठवणीचा गूळ. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गूळ पाघळतो. असा पाघळलेला गूळ बिस्किटात घातला की तळ कडक होतच नाही, कितीही भाजा. वर फ्रुक्टोज लवकर तपकिरी होत असल्यामुळे रंग आधी येतो आणि तुम्हाला वाटतं भाजलं. तेव्हा गुळाच्या ढेपेच्या आतला कोरडा, कठीण भाग फोडून किसा. नाहीतर सरळ गूळ पावडर वापरा, पण चांगली. रंगाला भुलू नका. फार पिवळाधमक, चकचकीत गूळ बऱ्याचदा रसायनानं साफ केलेला असतो, त्याला चव कमी आणि खारटपणा जास्त. रंगानं गडद, जरा मातकट दिसणारा गूळ इथे हवा.

कणीक, मीठ, दालचिनी आणि गूळ एकत्र करून त्यात लोणी बोटांच्या टोकांनी चोळा, रव्यासारखं दिसेपर्यंत. बेरी मिसळा. दोन-तीन चमचे दूध शिंपडा, मुठीत दाबलं की गोळा राहील इतपतच. मळायचं नाही, मळलं की चपातीचा गुण येतो. टिनला बटर पेपर लावा, दोन बाजूंनी बाहेर येईल असा, म्हणजे नंतर अख्खी वडी उचलता येते. मिश्रण वाटीच्या बुडानं दाबून सपाट करा, काट्यानं टोचा आणि १७० अंशांवर बावीस ते पंचवीस मिनिटं भाजा. कडा चांगल्या तांबूस दिसल्या पाहिजेत. इथे माणसं घाबरून लवकर काढतात. काढू नका. वर तीन मऊ थर बसणार आहेत, त्यांच्याखाली ठाम आणि खरपूस काहीतरी हवं. पूर्ण गार झाल्यावरच पुढचा थर. वेळ नसेल तर विकतच्या डायजेस्टिव्ह बिस्किटांचा दोनशे ग्रॅम चुरा आणि ऐंशी ग्रॅम वितळलेलं लोणी दाबूनही तळ होतो. चालतो, पण बेरी त्यातही घाला.

आता चॉकलेट. बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात नुसतं ‘चॉकलेट स्लॅब द्या’ म्हटलं की हातात बहुतेक वेळा कंपाउंड येतं. पाकिटाच्या मागे घटक वाचा. कोको बटर लिहिलं असेल तर खरं चॉकलेट, त्या जागी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असेल तर कंपाउंड. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडाच्या उबेत. स्मोर्समध्ये मार्शमॅलोच्या गरमीनं चॉकलेट ओघळतं ते त्यामुळेच. कंपाउंडमधलं तेल टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. साच्यातली चॉकलेटं करायला कंपाउंड ठीक, इथे नको. पन्नास ते पंचावन्न टक्के कोकोचं डार्क चॉकलेट १७० ग्रॅम आणि मिल्क चॉकलेट ८० ग्रॅम असं मिश्रण मी घेते. डार्क वरच्या गोडाला आवर घालतं. मिल्क घालते ते मुलीच्या आठवणीसाठी, कारण तिनं शेकोटीवर खाल्लं ते मिल्क चॉकलेटच असणार. नुसतं डार्क केलंत तर मोठ्यांना आवडेल आणि तिला परकं वाटेल.

अंड्याशिवाय हा थर घट्ट कशानं होणार? चक्क्यानं. श्रीखंडाचा, म्हशीच्या दुधाचा, बिनसाखरेचा ताजा चक्का अडीचशे ग्रॅम. त्याचा हलका आंबटपणा या गोडात फार मोलाचा आहे. त्याबरोबर दीडशे ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, दीडशे मिलिलिटर पॅकमधली क्रीम, दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि पाव चमचा मीठ. घरची साय वापरण्याचा मोह होईल, पण तिच्यात कण असतात आणि भाजताना तूप सुटतं. चक्का आणि क्रीम तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. गार चक्क्यात कोमट चॉकलेट पडलं की त्याचे दाणे होतात आणि मग ते कशानंही जात नाहीत. गरम पाण्याच्या पातेल्यावर चॉकलेट वितळवून कोमट होऊ द्या. क्रीममध्ये कॉर्नफ्लोअर गुठळी न ठेवता कालवा, चक्का पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढा, सगळं एकत्र करून चमच्यानं हलवा. फेटू नका, आत हवा शिरली की वर तडे पडतात.

हे तळावर ओता. ओटीजीत खालच्या जाळीवर गरम पाण्याची थाळी, वरच्या जाळीवर टिन, १५० अंश, अठ्ठावीस ते बत्तीस मिनिटं. कडा बसलेल्या आणि मधला भाग हलवल्यावर खरवसासारखा थरथरणारा दिसला की बंद करा. पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर तो कोरडा लागेल. दार किंचित उघडं ठेवून अर्धा तास आतच राहू द्या, मग बाहेर, मग रात्रभर फ्रिजमध्ये. भाजताना वीज गेली तर दार उघडून बघू नका. वीस मिनिटं झाली असतील तर उरलेलं काम आतल्या उष्णतेवरच होतं, हे मी पावसाळ्यात अनेकदा अनुभवलं आहे.

इथपर्यंत सगळं आदल्या दिवशी.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी काकवी. या थराचं कारण असं: जिलेटिनशिवायच्या फेसाला मार्शमॅलोसारखी तार येत नाही. मुलीला ती तार आठवत असेल, तोंडापासून हातापर्यंत लांबणारी. ती तार आपण काकवीकडून घेऊ. एकशेवीस ग्रॅम काकवी जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर आटवा, दोन बोटांत धरली की दोन तारा सुटेपर्यंत. गॅस बंद करून तीस ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ घाला, हलवा. यात दूध किंवा क्रीम घालू नका, गरम गुळात दूध फाटतं हे तुम्हाला गुळाच्या खिरीवरून माहीत असेलच. कोमट झाली की चॉकलेटच्या थरावर पातळ पसरवा आणि टिन परत फ्रिजमध्ये. काकवी जास्त आटली तर गार झाल्यावर दाताला चिकटेल, म्हणून थेंबभर थाळीत टाकून गार करून आधी बघा.

आता वरचा फेस. काबुली चणे शिजवलेलं पाणी. हे वाचून नाक मुरडू नका. चण्यातली प्रथिनं आणि पिष्ट पाण्यात उतरतात आणि ते पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटलं जातं. पाव किलो काबुली चणे रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, बुडतील एवढ्याच नव्या पाण्यात मीठ न घालता शिजवा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. मग गाळून घ्या आणि पाणी मंद आचेवर आटवा, गार झाल्यावर अंड्याच्या पांढऱ्याइतकं बुळबुळीत होईल असं. आपल्याला १२० मिलिलिटर हवं. हे दोन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं. चण्यांची उसळ करा.

भांडं आणि फेटणी लिंबाच्या फोडीनं पुसून घ्या, तुपाचा अंश राहिला तर फेस उभा राहणार नाही. कोल्हापुरातल्या स्वयंपाकघरात हा अंश कुठून येईल सांगता येत नाही, म्हणून प्लॅस्टिकचं भांडं नको, स्टीलचं घ्या. गार पाण्यात अर्धा चमचा लिंबाचा रस घालून इलेक्ट्रिक बीटरनं फेटा. दहा-बारा मिनिटं लागतात, धीर सोडू नका. भांडं उलटं केलं तरी पडणार नाही इतका घट्ट फेस झाला की तिकडे पाक तयार हवा: १८० ग्रॅम साखर, ६० मिलिलिटर पाणी, एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज. ग्लुकोजमुळे साखर परत दाणेदार होत नाही.

पाक किती शिजवायचा, यावर परदेशी पुस्तकं सांगतात ११८ अंश. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून पाकाचे आकडेही दोन अंशांनी खाली धरायचे. आपल्याकडे ११६ ला थांबा. थर्मामीटर नसेल तर गार पाण्याची वाटी घ्या, पाकाचा थेंब टाका, बोटांनी गोळा होतो का बघा. मऊ पण आकार धरणारा गोळा झाला की झालं. गुळव्या काहिलीजवळ बसून हेच करतो. गुळाचं आधण उतरवायचं तापमान आणि या पाकाचं तापमान जवळजवळ एकच आहे. मी हॉटेल मॅनेजमेंटला गेले तेव्हा थर्मामीटरवर शिकवलेली ही अवस्था मला आधीच येत होती, कारण मामांच्या गुऱ्हाळावर थंड पाण्यातला तो गोळा मी शेकडो वेळा पाहिला होता, आणि खाल्लाही होता.

बीटर चालू ठेवून पाक कडेनं बारीक धारेनं सोडा, फेटणीवर नको, नाहीतर तो भांड्याच्या काठावर उडून कडक होतो. भांडं हाताला गार लागेपर्यंत फेटत राहा. शेवटी एक चमचा व्हॅनिला. चण्याचा वास आता राहणार नाही. इथे साखरेऐवजी गूळ वापरावा असं वाटेल, मलाही वाटायचं. करून पाहिलं आहे. पावसाळ्यात गुळाचा फेस अर्ध्या तासात पाझरू लागतो. गूळ खालच्या थरांत भरपूर आहे, वर साखरच राहू द्या.

घरच्यांसाठी कधी अंड्याचा करायचा असेल तर तीन अंड्यांचा पांढरा भाग आणि १५० ग्रॅम साखर गरम पाण्याच्या वाफेवर हलवत ७१ अंशांपर्यंत न्या, मग फेटा. त्यात कच्चेपणाची भीती राहत नाही आणि अंड्याची प्रथिनं आचेनं घट्ट होत असल्यामुळे हा फेस भाजताना कोसळत नाही. पाकिटातलेच मार्शमॅलो हवे असतील तर हिरवा ठिपका पाहून घ्या आणि आधी एक भाजून बघा. बिनजिलेटिनचे काही मार्शमॅलो फुगण्याऐवजी वितळून पसरतात.

वेळेचा हिशेब नीट ठेवा. चण्याच्या पाण्याचा फेस दोन तास छान राहतो, जुलैच्या दमट हवेत दीडच धरा. म्हणून मुलं आली, खेळ सुरू झाले की फेस करा. टिन फ्रिजमधून काढून अर्धा तास झालेला हवा. बटर पेपर धरून वडी उचला, कागद काढून टाका, लाकडी पाटावर किंवा स्टीलच्या ताटात ठेवा. कागद तसाच ठेवून कुणी टॉर्च मारला आणि कोपरा पेटला, असं माझ्या वर्गात झालेलं आहे. फेस सपाट करू नका. चमच्याच्या पाठीनं उचलून टोकं काढा, वर-खाली, ओबडधोबड. टोकं आधी जळतात आणि खोलगट भाग पांढरे राहतात, तोच फरक हवा आहे.

जाळण्यासाठी स्वयंपाकाचा गॅस टॉर्च उत्तम. ज्योत निळी झाल्यावरच केकवर आणा, पिवळी ज्योत गॅसचा वास सोडते. दहा-बारा सेंटिमीटरवरून, हात फिरता ठेवून. आधी बदामी रंग येईल, मग तांबूस. बहुतेक लोक तिथे थांबतात, कारण फोटोत ते सुंदर दिसतं. तुम्ही थांबू नका. अजून काही सेकंद, टोकांवर काळे ठिपके दिसेपर्यंत. सगळीकडे नाही, दहातल्या दोन-तीन टोकांवर. ते काळं नसेल तर तुम्ही एक गोड केक केलात, शेकोटीचा खाऊ नाही. टॉर्च नसेल तर ओटीजीची फक्त वरची कांब दहा मिनिटं लाल तापवून दोन मिनिटं सगळ्यात वरच्या जाळीवर ठेवा आणि डोळा हलवू नका. किंवा आमच्या आजीच्या पद्धतीनं, लोखंडी उलथनं गॅसवर चांगलं तापवून फेसाला नुसतं टेकवा. चर्र असा आवाज येतो आणि जळल्याचा वास सुटतो. खरं सांगायचं तर मला हीच पद्धत सगळ्यात आवडते, वेळ लागतो तरी.

हे जाळणं मुलांच्या समोर करा, त्यांना दोन हात लांब उभं करून. दिवे घालवा. आतून करून आणलेला पदार्थ आणि डोळ्यांदेखत पेटलेला पदार्थ यांत मुलांना फार फरक वाटतो. टॉर्च मात्र हातात कुणाच्याही द्यायचा नाही, वाढदिवस असलेल्या मुलीच्याही नाही.

कापायला लांब सुरी, प्रत्येक वेळी गरम पाण्यात बुडवून पुसलेली. काकवीमुळे सुरी ओढेल, ओढू द्या. बरोबर बिनसाखरेचं गार म्हशीचं दूध ठेवा, सरबत नको, या गोडावर गोड पेय कुणाला जात नाही. काही उरलं तर वरचा फेस दुसऱ्या दिवशी टिकणार नाही, तो खरवडून काढा. खालचे तीन थर फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहतात, उलट दुसऱ्या दिवशी चॉकलेट जास्त मुरतं.

आणि तुकडे वाटताना मुलीला मधला देऊ नका. चार कोपऱ्यांतला जो सर्वांत काळा झाला असेल तो तिच्यासाठी आधीच बघून ठेवा.